मायच्या पाठीमागची कोनशिला

ती घटना नुसती आठवली तरी आजही मी आरामखुर्चीतून अर्धा उठतो. बायको ओळखते. "परत तो दगड का?" म्हणत चहा पुढे सरकवते. घरातल्यांनी ही गोष्ट इतक्यांदा ऐकली आहे की मी दम घ्यायला थांबलो तर पुढचं वाक्य तेच सांगतात. तुम्ही पहिल्यांदा ऐकताय, म्हणून नीट सांगतो. नावं कोणाचीच घेणार नाही, पण स्वतःची फजिती पूर्ण सांगेन.

वर्धा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी ठाणेदार होतो. मूळचा सांगलीकडचा. इथली बोली आपल्याला येते, असा माझा तेव्हा समज होता.

गावाच्या मधोमध जुना टाऊन हॉल. दगडी कमानी, सागवानी छत, आत वाचनालय. नगरपालिकेच्या दप्तरात मात्र त्याची नोंद 'जुने गोदाम'. गोदाम पाडायला कोणाची हरकत नसते. तिथे दुकानांचे गाळे काढायचं घाटत होतं. एक निवृत्त मुख्याध्यापक, सगळे त्यांना गुरुजी म्हणत, ही वास्तू वारसा म्हणून नोंदवावी यासाठी कित्येक वर्षं अर्ज करत होते. जुनी फाईल वाळवीनं खाल्ली होती. पुरावा एकच उरला होता, व्हरांड्याच्या भिंतीतली कोनशिला. पाहणीसाठी मुंबईहून समिती येणार होती.

समिती यायच्या आदल्या दिवशी दुपारी गुरुजी धापा टाकत ठाण्यात आले.

"साहेब, कोनशिला गेली. भिंतीत नुसतं भगदाड हाये."

"गुरुजी, दगड कोण चोरेल?"

"ज्याले हॉल पाडाचा हाये तो! उद्या अकराले समिती येऊन राह्यली. मी काय भोक दाखवू त्यायले?"

मी फिर्याद घेतली, जागेचा पंचनामा केला. भगदाडाच्या कडा ताज्या होत्या, खाली छिन्नीचा चुरा होता. हॉलच्या डागडुजीचं काम एका ठेकेदाराकडे होतं, आणि पुढे गाळ्यांचं कामही त्यालाच मिळणार असं गाव म्हणत होतं. त्याला बोलावलं. तीन तास विचारपूस केली. तो पंख्याकडे बघत एकच पालुपद लावून बसला होता.

"साहेब, घरी माही माय आजारी हाये. मले जाऊ द्या. मी दगडं कायले चोरू? मायापाशी टिप्परभर दगडं हायेत."

पुरावा नव्हता. सोडून दिला. आमच्या हवालदारांची सगळी नोकरी याच जिल्ह्यात गेलेली. ते म्हणाले, "साहेब, कायी खबर आली तर मले सांगजा." मी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला फोन वाजला. घाबरलेला आवाज.

"साहेब, ठेकेदारानं दगड नाल्यात टाकाले सांगतलं व्हतं. म्या टाकला नाई. मायच्या पाठीशी हाये. घेऊन या." फोन बंद.

माझ्या अंगात वीज संचारली! ठेकेदार काल माय माय करत होता ते उगाच नव्हतं. आजारी बाईच्या खाटेमागे चोरीचा माल! आता खरं तर हवालदारांना सांगायचं. पण गोपनीय बातमी पचवण्यात मोठेपणा असतो ना. मी फक्त म्हणालो, "गाडी काढा. दोन पंच घ्या. महिला शिपाई घ्या."

साडेसातला आम्ही ठेकेदाराच्या घरात. तो पळायच्या बेतात होता, पण पळाला नाही, कारण त्यालाही कळेना आम्ही कुठे चाललोय. म्हातारी खाटेवर उशीला टेकून चहात टोस्ट बुडवत होती.

"आजी, जरा पुढे सरका. तुमच्या पाठीमागे बघायचं आहे."

"काऊन? माया पाठीत काय पाह्यतं रे बाप्पा? उटणं लावाले आला का?"

पंच हसले. महिला शिपायानं उशी उचलली, गादी उचलली, खाटेखाली वाकून पाहिलं. एक जुनी चप्पल निघाली. शेवटी मी हरलो आणि खबर शब्दशः सांगून टाकली. हवालदारांनी कपाळाला हात लावला. म्हातारीचा टोस्ट कपात पडला, इतकी ती हसली.

"अरे येड्या, माय म्हंजे मातामाय! नाल्यावरची देवी! मी कायची माय, मले तर पोट्टंही विचारत नाई!" मग हसू थांबवून तिनं लेकाकडे पाहिलं. "तू दगड नाल्यात टाकाले लावला?"

आम्ही तीन तास विचारलं तेव्हा तो बधला नव्हता. इथे त्यानं एका मिनिटात मान खाली घातली.

नाल्याकाठी कडुलिंबाखाली मातामायचं ठाणं. मूर्तीच्या मागे कोनशिला उभी! वरच्या बाजूला चंद्र-सूर्य कोरलेले. ठेकेदाराच्या टिप्परवाल्यानं, म्हणजे सकाळी फोन करणाऱ्यानंच, ते पाहिले आणि दगड नाल्यात टाकायची त्याची छाती झाली नाही. देवाचा दगड समजून त्यानं तो देवीच्या आसऱ्याला ठेवला होता. सकाळी पाणी भरायला आलेल्या बायांनी नवा देव पाहून हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला. आता दहा-पंधरा जणी आमच्यासमोर उभ्या.

"साहेब, देवाले ठाण्यात नेता का? काय गुन्हा केला त्यानं?"

घड्याळात साडेनऊ. देवाचा जप्ती पंचनामा कसा करायचा हे प्रशिक्षण केंद्रात शिकवलं नव्हतं. मी गुरुजींना आणायला गाडी पाठवली. गुरुजी आले, धोतराच्या सोग्यानं कुंकू हलकेच बाजूला केलं आणि मोठ्यानं वाचलं, "हा हॉल गावकऱ्यांनी आपसांत वर्गणी करून, सभेसाठी व वाचनासाठी, सर्वांस खुला असा बांधला."

"सर्वांस म्हंजे?" एकीनं विचारलं.

"म्हंजे तुम्हीसुद्धा, बाई."

"आमी तं कधी आत गेलोच नाई."

थोडी कुजबुज झाली. मग त्यातली सगळ्यात वयस्क बाई म्हणाली, "न्या. पण असं चोरावानी नाई नेऊ देणार. वाजत-गाजत न्या. अन् आमी संग येऊ."

पंचनाम्यात मी लिहिलं: 'दगड एक, अक्षरे कोरलेली, हळद-कुंकू लावलेला.' आणखी दोन पंच त्या बायांमधूनच घेतले. त्यांनी अंगठे दिले. पोलीस जीपमध्ये कोनशिला, शेजारी गुरुजी, पुढे डफडं, मागे ओव्या म्हणत बाया. वाटेत दुकानं थांबली, माणसं सामील झाली. अकराला पाच मिनिटं कमी असताना आम्ही हॉलसमोर पोहोचलो. समितीच्या बाई गाडीतून उतरून गर्दीकडे बघतच राहिल्या. त्यांनी कोनशिला दोनदा वाचली. गुरुजींना काही विचारायला गेल्या, तर गुरुजी त्यांना भिंतीतलं भोक दाखवायला निघाले.

हॉल वाचला. वारसा म्हणून त्याची नोंद झाली. ठेकेदारावर दोषारोपपत्र गेलं.

खबर आली की आधी हवालदाराला सांगावी, एवढं तर मी त्याच दिवशी शिकलो. दुसरी गोष्ट कळायला वेळ लागला. जुन्या वास्तूंच्या बंदोबस्तासाठी मी नोकरीभर वरिष्ठांकडे जादा मनुष्यबळ मागत आलो; कधी मिळालं, बहुतेकदा नाही. त्या सकाळी ते न मागता आलं. दगडावर आपल्याबद्दल काय लिहिलंय, एवढं त्या बायांना कोणीतरी वाचून दाखवायचं राहिलं होतं.