बासरीची वेळ

नातीला बालवाडीत सोडायला गेलो की भिंतीवरचा तो स्पीकर दिसतो आणि माझं डोकं फिरतं. मुलांची मनं शांत व्हावीत म्हणून रोज सकाळी त्यावर बासरी लावतात आणि पोरांना तोंडावर बोट ठेवून बसवतात. परवा एक नवी मुलगी आईसाठी हुंदके देत होती. बासरी आपली वाजतच होती. स्पीकरला आवाज असतो, कान नसतात. शेवटी फरशी पुसणाऱ्या मावशींनी ओले हात पदराला कोरडे केले, तिला मांडीवर घेतलं आणि थोपटत थोपटत त्या बेसूर काहीतरी गुणगुणायला लागल्या. हुंदके थांबले. थोड्या वेळाने मुलगीही गुणगुणू लागली.

बाईंनी वहीतून मान वर केली. "मावशी, आवाज नको. मुलांची बासरी चालू आहे."