स्वखर्चाच्या पदव्या आणि आमचे साडू

नियमावर जीव टाकणारा आमच्या साडूंसारखा दुसरा माणूस अख्ख्या इस्रायलमध्ये मिळणार नाही. ज्या देशात रांग ही एक मैत्रीपूर्ण सूचना समजली जाते आणि ‘आत येऊ नये’ ही पाटी वाचायला लोक दार उघडून आत जातात, त्या देशात हे गृहस्थ रस्त्यावर एकही गाडी नसताना सिग्नलचा लाल माणूस हिरवा होईपर्यंत उन्हात उभे राहत. मागून येणारे लोक त्यांना वळसा घालून पलीकडे जात, आणि कुणी दयेने विचारी, ‘काका, बरं वाटत नाही का?’ साडू मान हलवून म्हणत, ‘बरं आहे. थांबलोय.’

ते माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. अलिबागकडच्या एका खेड्यात, आमच्यासारख्याच मराठी ज्यूंच्या घरात जन्म, मुंबईत एका सरकारी कचेरीत उमेदवारी, आणि मग इस्रायलमधलं रामला गाव. मीही तसाच आलो, पण मी विमानांच्या कारखान्यात फिटर झालो आणि दोन वर्षांत शर्टाची वरची बटणं उघडी टाकायला शिकलो. साडूंनी मात्र मुंबई सोडली त्या दिवशीची इस्त्री शेवटपर्यंत मोडू दिली नाही. ते एका विद्यापीठात कारकून होते. ऑगस्टच्या उकाड्यात बाकीचं विद्यापीठ चपला घालून हिंडायचं, आणि हे टाय बांधून, बूट चकचकीत करून बसमधून उतरायचे. तिथे त्यांना सगळे ‘होदी’ म्हणजे ‘हिंदी माणूस’ म्हणत. त्यांचं मराठीही बोटीतून उतरलं तसंच राहिलं होतं. ‘अ‍ॅज पर रूल’ आणि ‘तसं सँक्शन नाय’ या दोन खांबांवर त्यांचं पुष्कळसं संभाषण उभं असे. त्यांची मुलगी सैन्यातून सुट्टीवर आली, की बापाचं पाच मिनिटं ऐकून घेई आणि मग ‘अब्बा, दाय!’ म्हणजे ‘बाबा, पुरे!’ म्हणून खोलीत निघून जाई.

विद्यापीठात ते कारकुनाचे वरिष्ठ कारकून झाले, तेव्हा नव्वदीचं दशक सुरू झालं होतं आणि एका नव्याच प्रकारच्या पदव्यांना ऊत आला होता. दिवसा नोकरी करणाऱ्या साहेबलोकांसाठी संध्याकाळचे आणि शुक्रवारचे एम.ए.चे वर्ग. त्यांतली मेख अशी, की या वर्गांवर विद्यापीठाने स्वतःच्या तिजोरीतून छदामही खर्च करायचा नाही. मास्तरांच्या पगारापासून दिव्याच्या बिलापर्यंत सगळं विद्यार्थ्यांच्या फीतून निघालं पाहिजे. त्यासाठी एक जाडजूड नियमावली होती. तिला हिब्रूत तकानोन म्हणतात, आणि हा तकानोन सांभाळायचं काम साडूंकडे आलं. माझी बायको म्हणाली, ‘भाऊजींना नोकरी नाही लागली, त्यांचं लग्न लागलं.’

आणि खरोखरच ते नव्या नवऱ्यासारखे वागू लागले. एका प्रोफेसराने शुक्रवारच्या वर्गासाठी नेहमीच्या विभागातून खडूची पेटी उचलली, तर साडूंनी ती परत करवली. उरलेले खडू तर झालेच, पण फळ्याखाली पडलेले तुकडेही कागदात बांधून. ‘ते खडू सरकारी पैशांतले,’ ते मला गंभीरपणे सांगत होते, ‘आणि हा वर्ग आपल्या पैशांनी शिकतो. एकाचा खडू दुसऱ्याने घासायचा नाय.’ पेताह तिक्वातल्या एका संगणक कंपनीचे बडे अधिकारी एकदा तावातावाने त्यांच्या टेबलाशी आले. परीक्षेत नापास झाले होते. म्हणाले, ‘एवढी फी भरून मी नापास कसा होतो?’ साडूंनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हटलं, ‘साहेब, फी भरली म्हणून तर तुमचा पेपर तपासला.’ पैसे देतो म्हणून कमी गुणांवर प्रवेश नाही, ओळख आहे म्हणून सवलत नाही, एका वर्गात पैसे उरले म्हणून दुसऱ्या वर्गाचा खड्डा भरायचा नाही. प्रत्येक वर्गाने आपल्या पायांवर उभं राहायचं. आणि सगळ्यांत मोठा नियम असा, की ठरलेल्या तारखेला ठरलेल्या आकड्याइतके विद्यार्थी नसतील, तर वर्ग उघडायचाच नाही.

हे सगळं कचेरीत राहिलं असतं तर आमची तक्रार नव्हती. पण त्यांनी आमच्या नात्यागोत्यांतही तकानोन लागू केला. एका वर्षी सगळ्या कुटुंबाची किन्नेरेतच्या तळ्यावर सहल ठरली. बस साडूंनी ठरवली आणि जाहीर केलं, की गुरुवारी दुपारपर्यंत आकडा भरला नाही तर सहल रद्द. गुरुवारी सकाळी किर्यात मलाखी गावच्या आत्याबाईंची कंबर धरली आणि आकडा एकाने घसरला. आम्ही म्हटलं, आत्याबाईंची वर्गणी आम्ही देतो. ‘सीटवर वर्गणी बसत नाय, माणूस बसतो,’ असं म्हणून त्यांनी बस रद्द केली. शंभरएक पुऱ्या आम्ही रामल्यातच, आमच्या इमारतीखालच्या पार्किंगमध्ये चटया अंथरून खाल्ल्या. मलिद्यालासुद्धा, म्हणजे आमच्याकडे शुभकार्यात पोहे, नारळ नि फळं ठेवून एलियाहू हन्नवी या प्रेषिताचं नाव घेतात तेव्हा, प्रार्थना संपता संपता साडू कानाशी येऊन विचारत, ‘नारळ यजमानांचा, का सिनेगॉगच्या खात्यातला?’

आता त्यांच्या बायकोबद्दल, म्हणजे आमच्या ताईंबद्दल सांगायला हवं. ताई पेताह तिक्वातल्या एका इस्पितळात म्हाताऱ्या रोग्यांच्या वॉर्डात नर्स होत्या. मुंबईत कॉलेजचं पहिलं वर्ष अर्ध्यावर टाकून त्यांना बोटीवर चढावं लागलं होतं, आणि ते त्यांच्या आईच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या मनाला कायमचं लागून राहिलं होतं. ‘पोरीचं शिक्षण मी समुद्रात टाकलं,’ असं त्या म्हणत. मुलं मोठी झाल्यावर ताईंनी बी.ए. पुरं केलं. मग विद्यापीठात वृद्धांच्या शुश्रूषेवरचा एम.ए.चा नवा वर्ग निघणार असल्याचं कळलं. संध्याकाळचा, स्वखर्चाचा. म्हणजे साडूंच्या राज्यातला.

ताईंनी घरी विचारलं, ‘अहो, फॉर्म आणाल का?’ साडूंनी आणला नाही. बायकोची फाईल आपल्या हातून जाणं नियमात बसत नाही, म्हणून त्यांनी ताईंना वेळ घेऊन खिडकीवर यायला सांगितलं. ताई रजा काढून दोन बस बदलून गेल्या. नेमकी खिडकीवरची बाई जेवायला गेलेली आणि खिडकीत हे. ‘बोला, गव्हेरेत,’ साडू म्हणाले. पंचवीस वर्षांच्या संसारानंतर नवऱ्याने ‘बाईसाहेब’ म्हटलेलं ताईंनी पहिल्यांदाच ऐकलं. त्याही खमक्या. म्हणाल्या, ‘अर्ज द्यायचाय. आणि साहेब, घरी जाताना कोथिंबीर घेऊन या.’ साडूंनी अर्ज स्वतः घेतला नाही, ती बाई येईपर्यंत त्यांना बाकावर बसवलं. कोथिंबीर मात्र आणली.

ताईंना प्रवेश मिळाला. सासूबाईंनी इमारतीतल्या सगळ्या मजल्यांवर शिरा वाटला. वर्गाचा आकडाही बरोबर काठावर भरला. आणि रोश हशानाच्या, म्हणजे ज्यू नववर्षाच्या, आधीच्या आठवड्यात, मुदतीला दोन दिवस असताना, एका नर्सच्या नवऱ्याची बदली दूर दक्षिणेला झाली आणि तिने नाव काढून घेतलं.

वर्ग काढणाऱ्या प्रोफेसरबाई धावत साडूंकडे आल्या. हे मला नंतर बाईंच्याच तोंडून कळलं. त्या म्हणाल्या, एक उमेदवार आहे, गुण जरासे कमी आहेत, पण पैसे घेऊन दारात उभा आहे. साडू म्हणाले, गुणांची अट सगळ्यांना सारखी. त्या म्हणाल्या, शेजारच्या मॅनेजर लोकांच्या वर्गात पैसे ओसंडून वाहतायत, त्यांतून एकाची जागा भरू. साडू म्हणाले, प्रत्येक वर्ग आपल्या पायांवर. शेवटी बाई ओरडल्या, ‘अहो, तुमची स्वतःची बायको आहे त्या यादीत!’

‘म्हणून तर मला अजिबातच हलता येत नाही,’ साडू म्हणाले.

बाईंनी त्यांना दगड म्हटलं. तेव्हा त्यांनी एवढंच सांगितलं, की काही वर्षांपूर्वी असाच एक वर्ग आकडा कमी असताना दयेपोटी उघडला होता. मध्येच पैसे संपले, मास्तर निघून गेले, आणि अर्धीच पदवी हातात घेऊन माणसं त्यांच्या टेबलासमोर उभी राहिली. त्यांतली एक बाई रोज यायची. काही बोलायची नाही, नुसती बाकावर बसायची. ‘मला परत कुणाला त्या बाकावर बसवायचं नाय,’ साडू म्हणाले, आणि मुदत संपताच वर्ग रद्द झाल्याच्या पत्रांवर त्यांनी सह्या केल्या.

ताईंचं पत्र ते खिशात घालून घरी आणू शकले असते. पण सगळ्यांना पोस्टाने जाणार म्हणून ताईंनाही पोस्टाने गेलं. पोस्टमन आला तेव्हा सही करणारे गृहस्थ मागच्या बाल्कनीत मोजे वाळत घालत होते. ताईंनी पत्र वाचलं, घडी घातली आणि म्हणाल्या, ‘सही चांगली आलीय.’ त्यानंतर कितीतरी दिवस साडूंना घरात अगदी नियमाप्रमाणे जेवण मिळत होतं. वेळेवर, पोटभर आणि बेचव. आमच्या हिने त्यांच्याशी बोलणं टाकलं. मी एकदा धीर करून म्हटलं, ‘साडूभाऊ, एका माणसाचा तर प्रश्न होता.’ ते उठून मोज्यांच्या घड्या घालू लागले.

विषयाला तोंड फोडलं ते सासूबाईंनी. शुक्रवारी रात्री शब्बातच्या जेवणाला सगळे जमलो होतो, आणि त्या भर पंगतीत म्हणाल्या, ‘जावईबापू, पुढच्या वर्षी तरी उघडेल का वर्ग?’

‘आकडा जमला तर उघडेल, आई.’

‘मग जमवा की! आकडे काय आपोआप जमतात?’

साडूंनी हातातली चपाती खाली ठेवली. ही सूचना तकानोनच्या कुठल्याच पानावर नव्हती, आणि तिला बंदीही नव्हती. रविवारी त्यांनी वरिष्ठांची लेखी परवानगी मागितली. स्वतःच्या वेळात, स्वतःच्या खर्चाने वर्गाची माहिती लोकांना दिली तर चालेल का? चालेल, असं उत्तर आलं, आणि आमच्या समाजावर वर्षभराचं संकट कोसळलं.

लग्न असो, बार मित्झवा म्हणजे आमच्याकडची मुंज असो, साडू खिशात पत्रकं घेऊन हजर. जिच्या पायांत पांढरे बूट दिसतील ती नर्स, असा त्यांचा अंदाज. किर्यात मलाखीच्या एका लग्नात त्यांनी नवरीच्या मावशीला जेवताना गाठून वृद्धांच्या हाडांविषयी अर्धा तास सांगितलं. ती बेकरीत कामाला होती, पण शेवटी तिनेही आपल्या नर्स जावेचा फोन नंबर दिला. शुक्रवारी सकाळी ते पेताह तिक्वाला इस्पितळाबाहेरच्या बसथांब्यावर उभे राहत. टाय, बूट, हातात फुगलेली बॅग. दिवस बसमध्ये स्फोट होण्याचे. बस येते, जाते आणि हा माणूस काही चढत नाही, हे पाहून कुणीतरी पहारेकऱ्याला बोलावलं. पहारेकऱ्याने लांबूनच बॅग उघडायला लावली. आत पत्रकांचा गठ्ठा आणि डबाभर शंकरपाळे. साडूंनी त्यालाही पत्रक दिलं. वर, ‘तुम्ही अ‍ॅज पर रूल तपासलंत, फार बरं वाटलं,’ म्हणून शंकरपाळेही दिले. त्या पहारेकऱ्याची बहीण नर्स निघाली. तिने नाव घातलं, आणि तिच्या वॉर्डातल्या आणखी तिघींनी. शंकरपाळे कोण तळून देतं, हे आम्ही विचारलं नाही. तोवर त्यांच्या घरच्या आमटीला पुन्हा चव आली होती.

पुढच्या वर्षी वर्ग उघडला. आकड्याच्या कितीतरी वर. ताई दिवसा वॉर्डात आणि संध्याकाळी वर्गात. साडू त्यांच्यासाठी भात लावायला शिकले, आणि पाण्याचं प्रमाण एकदा ठरलं ते ठरलंच. सासूबाई रोज फोन करून विचारत, ‘आज काय शिकवलं?’ आणि मग शेजारणींना ते सगळं उलटसुलट करून सांगत. पदवीला एक सत्र उरलं होतं, तेव्हाच्या हिवाळ्यात त्या गेल्या. झोपेतच गेल्या. शिव्हाचे, म्हणजे सुतकाचे, सात दिवस साडू बुटक्या स्टुलावर सगळ्यांच्या मागे बसून होते.

पदवीदान जूनमध्ये झालं, विद्यापीठाच्या हिरवळीवर. ताईंचं नाव पुकारलं तेव्हा आम्ही सगळे ओरडलो, मुलीने शिट्टी मारली. साडू फक्त उठून उभे राहिले आणि ताई व्यासपीठावरून खाली उतरेपर्यंत उभेच होते. मागचे लोक ‘बसा, बसा’ म्हणत होते, ते त्यांना ऐकू आलं नाही.

परतीच्या बसमध्ये ते दोघं आमच्या पुढच्या बाकावर होते. माझी बायको डुलक्या घेत होती. शहर मागे पडलं आणि साडू समोर बघत म्हणाले, ‘आई हव्या होत्या आज.’

‘हव्या होत्या,’ ताई म्हणाल्या.

‘पहिल्याच वर्षी वर्ग उघडला असता तर बघून गेल्या असत्या.’

ताई म्हणाल्या, ‘आकडा एकाने घसरला तेव्हा आईने मला विचारलं होतं, नवऱ्याला सांगून का बघत नाहीस? मी म्हटलं, नाही सांगणार.’

‘का नाही सांगितलंस?’

‘तुम्ही ऐकलं असतं तर? मग तुम्ही तुम्ही राहिला नसता.’

साडूंनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. ताईंनी पदवीची ती पुठ्ठ्याची नळी त्यांच्या मांडीवर ठेवली, त्यांच्या खांद्याला डोकं टेकलं आणि डोळे मिटले. रामला येईपर्यंत ती नळी साडूंनी दोन्ही हातांनी धरून ठेवली होती, आणि खांदा जराही हलू दिला नव्हता.