रबरी गांडूळ

सिरसाळ्याजवळच्या तलावावर एक म्हातारा मच्छीमार मला रोज दिसायचा. दुष्काळात जमीन इतकी वाळली होती की खरं गांडूळ मिळेना, म्हणून तो गळाला रबरी गांडूळ लावायचा. गळाच्या नेढ्यात दोरा दुहेरी ओवून गाठ मारायचा, थुंकीनं भिजवायचा आणि दातांत धरून हळू आवळायचा.

"गाठ कोरडी आवळली की घासून दोरा जळतोय," म्हणायचा.

तो मच्छीमार सोसायटीचा जुना सभासद होता. पण चेअरमननं सोसायटीच्या हक्काचा तलाव परस्पर ठेकेदाराला देऊन टाकला. एका सकाळी ठेकेदाराच्या माणसानं त्याचा दोरा ओढला. गाठ तुटेना, तेव्हा विळ्यानं दोराच कापला.

"काका, सोसायटीत तक्रार करा की," मी म्हणालो.

त्यानं गळ टोचून टोचून भोकं पडलेला हात पुढं केला.

"कुणाकडं? चेअरमनला निवडताना ह्योच हात वर केलता आमी."