मास्तरांनी उसना नेलेला चुंबक

मास्तर हळू आवाजात बोलत, तरी त्यांच्या बोलण्याची मला भीती वाटे. साठ-एकसष्टची गोष्ट. दिग्रसच्या एका जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, मी मिस्त्री होतो. विज्ञान शिकवणारे मास्तर शाळा सुटली की आमच्याकडे येत आणि कापूस यंत्रांकडे नेणाऱ्या पाटातला चुंबक बघत उभे राहत. कापसातून आलेला खिळा हा चुंबक धरून ठेवी. खिळा रेच्यात, म्हणजे त्या यंत्रात, गेला तर ठिणगी उडून आगच.

"मिस्त्री, चांदण्यांच्या मधातल्या रिकाम्या जागेतही चुंबकाचा जोर आहे म्हणतात. कोठून आला असंल?"

"मले काय माहीत, मास्तर!"

"आकाशगंगा फिरता फिरता वाढला असंल. पण वाढाले आधी थोडासा तरी पाहिजे ना? सरकीशिवाय पऱ्हाटी होते का? तारे नव्हते, लोखंड नव्हतं, तवा पहिली सरकी कोणं टाकली?"

"असं नका विचारू. भेव लागते."

"मलेही लागते," म्हणून ते हसत.

रविवारी जिन बंद असे. एका रविवारी पोरांना घरी जमवून लोहकीस चुंबकाभोवती कसा रांगेनं उभा राहतो ते दाखवायला त्यांनी चुंबक मागितला. मीच पाने लावून काढून दिला आणि म्हणालो, "कोणाले सांगू नका."

त्याच दुपारी अचानक मॅनेजर मजूर बाया घेऊन आले. कापसाच्या गाड्या खोळंबल्या होत्या. "चालू कर रेचे!" पाटातली रिकामी खाच मला दिसत होती. नोकरी जाईल या भीतीनं जीभ उचलली नाही. मी इंजिन चालू केलं आणि कापसावर नजर ठेवून उभा राहिलो. तरी खिळा निसटलाच. आग विझली तोवर दोन बायांचे हात भाजले होते.

धूर पाहून मास्तर पिशवीत चुंबक घेऊन धावत आले.

"हा कोणं काढला?" मॅनेजर ओरडले.

"मले नाही माहीत साहेब. मास्तरच रोज येऊन राह्यले होते," मी म्हणालो.

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी नजर वळवली.

"मीच नेला. न विचारता," ते म्हणाले.

शाळेनं त्यांना काढलं. पांढरकवड्याच्या गाडीत ते बसले तेव्हा मी खिडकीखाली उभा होतो. खाच रिकामी दिसत असून मॅनेजरला सावध न केल्याची कबुली ओठांवर आली होती.

"त्या दोघींचे हात कसे आहेत?" त्यांनी विचारलं.

"बरे होऊन राह्यले," मी म्हणालो.

खोटं होतं ते. भीतीपोटी मी त्या बायांच्या घराकडे फिरकलोही नव्हतो.