लाल शाईतला शेरा

मी एम.एड. केलं ते ज्ञानाच्या ओढीने नाही, खुन्नस म्हणून. प्रवेशाच्या मुलाखतीत अर्थातच वेगळं सांगितलं.

चिंचवडच्या एका शाळेत मी सातवीला अपूर्णांकांचा भागाकार शिकवत होते. पर्यवेक्षक पाठ बघायला मागच्या बाकावर बसले होते. एका मुलीने विचारलं, "बाई, दुसरा अपूर्णांक उलटा का करायचा?" मी खरं ते बोलले. "मला माहीत नाही. उद्या सांगते." पर्यवेक्षकांनी माझ्या पाठवहीत लाल शाईने शेरा मारला: 'शिक्षिकेला आशय माहीत नाही. वरचे वर्ग देऊ नयेत.' एवढ्यावर थांबले असते तर ते पर्यवेक्षक कसले! मधल्या सुट्टीत, शिक्षकखोलीत सगळ्यांचे डबे उघडलेले असताना, त्यांनी तो शेरा मोठ्याने वाचून दाखवला. लोक हसले. सोमवारपासून माझ्याकडे पहिलीचा वर्ग आला आणि त्या मुलीला उत्तर द्यायचं राहूनच गेलं.

महाळुंग्याला घरी येऊन मी रडले. वडील चाकणच्या एका कंपनीत लोखंडी बार कापायच्या मशिनवर होते, नुकतेच फर्स्ट शिफ्ट करून आले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"तीन मीटरचा बार हाय. पाऊण मीटरचे तुकडे पाडायचेत. किती पडतील?"

मी ओढणीने डोळे पुसले.

"आधी पावाचे पाड. किती?"

"बारा."

"आता तीन-तीन पाव एकत्र बांध. किती गठ्ठे?"

"चार."

"व्हय. यात रडण्यासारखं काय हाय?"

चाराने गुणलं, तिनाने भागलं. अपूर्णांक आपोआप उलटा झाला होता. आठवी नापास माणसाने दोन मिनिटांत सांगितलं ते मला बी.एड.ला कुणी सांगितलं नव्हतं. मी राजीनामा दिला, एम.एड.ला नाव घातलं आणि लघुप्रबंधाला हाच प्रश्न घेतला. मार्गदर्शक बाई म्हणायच्या, विषय फार छोटा आहे. मी मनात म्हणायचे, अपमान मोठा आहे. पाठवही दोन वर्षं पर्समध्ये होती. चाकण रस्त्याच्या ट्रॅफिकमध्ये बस अडकली की तो शेरा काढून वाचायचे.

दुसऱ्या वर्षी अनुभवी शिक्षकांचे पाठ बघायचे होते. शाळा आम्हीच निवडायची. मी कोणती निवडली हे सांगायला नकोच. माझ्याकडून काढून घेतलेलं सातवीचं गणित अजून पर्यवेक्षक स्वतःच शिकवत होते. भागाकाराचा धडा कधी आहे ते विचारून त्याच दिवशी गेले आणि मागच्या बाकावर बसले, त्यांच्याच जागेवर.

प्रश्न आलाच. पुढच्या रांगेतली मुलगी उभी राहिली. "सर, उलटा का करायचा?"

"नियम आहे. खाली बस."

मी लाल पेन काढलं. 'शिक्षकाला आशय माहीत नाही. वरचे वर्ग देऊ नयेत.' निरीक्षणाच्या कागदावर शिक्षकाची सही लागते. त्यांनी वाचलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा वाचलं. ओळखलं होतं. सही करताना त्यांनी तो शेरा तळहाताने झाकला आणि मला आनंद झाला. लाजबीज काही वाटली नाही.

मधल्या सुट्टीत त्या मुलीला जिन्यात गाठून मी वडिलांचा बार सांगितला. तिला लगेच कळलं.

निघताना पर्यवेक्षक फाटकापर्यंत आले. आजूबाजूला कुणी नाही हे बघून हळूच म्हणाले, "मॅडम, खरंच सांगा ना. उलटा का करतात?"

"उद्या सांगते, सर," मी म्हटलं.

त्याला आता तीन वर्षं झाली.