ठकूताई आणि जाळीचे कपाट

उंदराला ‘अहो’ म्हणणारा माणूस सबंध कर्जत-खालापुरात एकच होऊन गेला, आणि तो माझ्या बायकोचा मामा होता. भिवपुरीच्या वीजघरात नोकरी संपवून मामा भिसेगावात आमच्या शेजारी राहायला आले, ते ही सवय घेऊनच. वाटेत म्हैस बसलेली असली तर ‘अहो, जरा सरकता का?’ असे विचारून ती उठेपर्यंत छत्री टेकून उभे राहत. दुसरी सवय चार दिवसांची. कुणाचे लंगडे करडू, कुणाचा पिसे झडलेला पोपट, जे जे लोकांना नकोसे होई ते मामा ‘चार दिवस राहू द्या आमच्याकडे’ म्हणून घरात घेत. त्यातला पाचवा दिवस कधी उजाडत नसे. ते करडू त्यांच्या ओटीवर म्हातारे होऊन मेले.

आता माझ्याकडे येतो, आणि येताना आजही मान खाली जाते. लढाईचे दिवस होते, तांदूळ रेशनवर मिळे, आणि आमच्या पोत्याला उंदराने भोक पाडले. मी तेल लावलेला भाकरीचा तुकडा घालून पिंजरा लावला. उंदीर सापडला की पिंजऱ्याला दोरी बांधून तो नदीत सोडायचा आणि तोवर राखुंडीने दात घासायचे, अशी आमच्याकडची रीत. दात घासून होतात तोवर काम झालेले असते. त्या सकाळी मी तेच करत होतो. शेजारी मामा कमरभर पाण्यात अंघोळ करत होते.

“जावईबापू, कुणाला बुडवताय?”

“उंदीर आहे, मामा.”

“अहो, मग त्यांना पोहू तरी द्या! कोंडून काय बुडवता?” असे म्हणत त्यांनी दोरी ओढलीसुद्धा. आत एक ओला गोळा होता. मामांनी तो पंच्याने पुसला आणि छातीशी धरून ते उन्हात उभे राहिले. बऱ्याच वेळाने गोळा शिंकला. माझ्या तोंडात राखुंडी तशीच होती. “चार दिवस राहू द्या आमच्याकडे,” मामा म्हणाले.

त्यांच्याकडे दुधदुभत्याचे एक जाळीचे कपाट होते. उंदरापासून अन्न राखायला केलेल्या त्या कपाटात उंदीर राहायला गेला आणि अन्न बाहेर आले. नाव ठेवले ठकूताई. शेजारची शेतकरीण कोंडा द्यायला आली आणि कपाळाला हात लावून म्हणाली, “मामा, आमी मारतो नि तुमी पोसता! गावात ऱ्हायचं हाय का नाय?” ठकूताईंच्या अंगात ताकद आल्यावर मामांनी त्यांना नदीपल्याडच्या शेतात सोडायचा प्रयत्नही केला. टोपलीचे झाकण काढून तासभर पाठ फिरवून बसले, आणि वळून पाहतात तो ठकूताई त्यांच्या टोपीत झोपलेल्या. मामांना मूलबाळ नव्हते. ‘दत्तक घ्या’ म्हणून भाऊबंद कित्येक वर्षे मागे लागले होते. मामांनी त्या संध्याकाळी घरोघर गूळखोबरे वाटले. “घेतली एकदाची दत्तक,” म्हणाले.

पुढे आठ दिवसांसाठी ते कुंभिवलीला बहिणीकडे गेले आणि ठकूताई माझ्यावर सोपवून गेले. ज्याने बुडवले त्याच्यावरच! मी घड्याळ लावून भात घालत असे. तिसऱ्या दिवशी कपाटाची कडी लावायला विसरलो, आणि परत येऊन पाहतो तो कपाट रिकामे. घर, अंगण, गवताची उडवी, सगळे शोधले. शेवटी, लिहायला लाज वाटते, पुन्हा पिंजरा लावला, सापडलेला उंदीर कपाटात ठेवला आणि मामांच्या वाटेकडे डोळे लावून बसलो. ते आले तेव्हा उंदीर पंच्यात गुंडाळून, छातीशी धरून मी दारातच उभा होतो. मामांनी त्याच्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि म्हणाले, “बरी काळजी घेतलीत.” त्या दिवसापासून ते त्याला ‘अहो ठकोजी’ म्हणू लागले. लाडाने माणूस नावे बदलतो, अशी मी मनाची समजूत घातली. पण घास गोड लागेना.

पाच-सहा महिने गेले. एकदा चार पाहुण्यांसमोर मामा म्हणाले, “घर सोपवावं तर आमच्या जावईबापूंवर.” मला ठसका लागला. पाहुणे गेल्याबरोबर मी सगळे सांगून टाकले. मामा तांदूळ निवडत होते. मान वर न करता म्हणाले, “ठाऊक आहे.”

“कधीपासून?”

“आलो तेव्हापासूनच. अहो, ठकूताई बाईमाणूस. तुम्ही आणलेत ते गृहस्थ आहेत. उलटं करून तरी पाहायचं!”

“मग बोलला का नाहीत?”

“नदीवर तुम्हाला पाहिलं होतं ना. तेच तुम्ही उंदीर छातीशी धरून दारात उभे. म्हटलं, हे दोघंही राहू देत चार दिवस.”

मग त्यांनी भाताच्या कणगीवर बोटाने टकटक केले. खालून एक तोंड बाहेर आले, मिशा हलल्या, मामांच्या हातचे दाणे घेऊन परत गेले. ठकूताई घर सोडून कुठेच गेल्या नव्हत्या. इतके महिने छातीवर असलेला धोंडा असा उतरला की मी तिथेच बसलो आणि हसता हसता डोळे पुसू लागलो.

मामा आता नाहीत. ते कपाट आमच्याकडे आले आहे, सौ. त्यात दूध ठेवते. “कडी रोज कोण उघडी टाकतं हो?” असे ती अधूनमधून विचारते. मी वर्तमानपत्रात डोके घालतो. एवढी एक कबुली अजून द्यायची राहिली आहे.