तक्रार यंत्राविरुद्ध होती

ती घटना आठवली की आजही माझा हात नकळत स्वतःच्या गळ्याकडे जातो. नोकरीत मी बरेच खून पाहिले. विहिरीतले पाहिले, उसातले पाहिले, बांधावरचे पाहिले. पण भर दुपारी, पोलीस ठाण्यात, स्वतःच्याच खुर्चीत बसून मी जसा हादरलो, तसा आधी कधी हादरलो नव्हतो. नावं कोणाचीच देत नाही. ज्यांना ओळखायचं ते ओळखतील, बाकीच्यांना नावाची गरज नाही.

तेव्हा मी अंबाजोगाई तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. एक दिवस एक मूर्तिकार तणतणत आत आला. घाटनांदूर रस्त्याला त्याचं काम चालायचं. पुढाऱ्यांचे, वारलेल्या वाडवडिलांचे अर्धपुतळे करून देणारा, बोलका आणि जरा आगाऊच माणूस. पिशवीतून त्याने एक यंत्र काढून माझ्या टेबलावर ठेवलं.

"साहेब, चारशेवीस दाखल करा. दुकानदारानं बाद मशीन गळ्यात मारली माझ्या."

मोठ्या बॅटरीसारखं ते यंत्र होतं. मागे मूठ, मुठीच्या वर छोटी स्क्रीन. वायर नाही, लॅपटॉप जोडायची गरज नाही. वस्तूभोवती ते फिरवायचं. उजेडाची उघडझाप होते आणि त्या वस्तूचा आकार उंचसखल तपशिलासकट स्क्रीनवर उभा राहतो. बोटाने फिरवला की मागची बाजूही दिसते. थ्रीडी स्कॅनर म्हणतात त्याला, असं त्याने मला शिकवलं.

"मग बिघडलंय काय?"

"गळ्यात खाच पाडतंय, साहेब. माणसावरचं पयलंच काम केलं अन् त्याच्या गळ्याला ही खाच! धर्मापुरीच्या जुन्या देवळातले दगड घेतले, एक रेघ हिकडची तिकडं न्हाई. दगड नीट घेतंय, माणूस नासवतंय. ज्यांनी काम दिलं ते मालक म्हणले, मशीन बाद हाय तुझी, ती फाईल पुसून टाक अन् हातानंच कर. लॅपटॉपातली पुसली म्या. दुकानदार म्हणतो, दगड हालत न्हाई, माणूस हालतो, तुमचं गिऱ्हाईक हाललं असंल."

खरं सांगायचं तर मी त्याला ग्राहक मंचाचा रस्ता दाखवणार होतो. पण कुतूहल वाईट. म्हटलं, आधी बघू तरी. टोपी काढून बसलो. तो माझ्याभोवती फिरला आणि स्क्रीनवर माझं मुंडकं उगवलं, कणकेचं केल्यासारखं. नाकावर चष्म्याचे खळगे आणि कपाळावर टोपीचा वळ. गळा मात्र साफ होता. मग हवालदाराला बसवलं. त्याच्या कानाखाली उठत असलेलं गळूसुद्धा दिसलं. खाच नाही.

"मग दुकानदार बरोबर बोलतोय," मी म्हणालो. "तुझं गिऱ्हाईकच हाललं असणार."

मूर्तिकार चिडला. "कसं हालंल, साहेब? वारलेलं माणूस हाय ते!"

हवालदाराने हातातला चहाचा कप खाली ठेवला. मी म्हणालो, "दाखव."

लॅपटॉपातली फाईल पुसली, तरी मूळ नोंद यंत्राच्या पोटात तशीच होती. डोळे मिटलेला एक वृद्ध चेहरा स्क्रीनवर आला. मी तो बोटाने फिरवला. गळ्याभोवती, घाटीच्या, म्हणजे कंठमण्याच्या जरा खाली, एका सरळ रेषेत खाच होती. पुढून मागे, मागून पुढे, पूर्ण वेढा घातलेली. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. यंत्र बिघडलेलं नव्हतं.

"हे घेतलं तेव्हा तुला गळ्यावर काही दिसलं नाही?"

"न्हाई, साहेब. हळद, पावडर चोळलेली होती, वरून उपरणं अन् हार. म्या म्हणलं, पुतळा छातीपस्तोर करायचा, तर गळा मोकळा पायजे. तर मालकांनीच, म्हंजी वारलेल्यांच्या पोरानंच, हार वर धरला. धरा धरा म्हणले, फोटो चांगला येऊ द्या."

फोटो! रंग झाकला की फोटोत काही येत नाही, एवढाच त्या पोराचा हिशोब होता. हे यंत्र रंगापेक्षा उंचवटा आणि खोली बघतं, हे त्याला ठाऊक नव्हतं. बापाचा पुतळा दहा गावांत उठून दिसावा म्हणून मूर्तिकाराला त्यानेच अंत्यदर्शनाला बोलावलं होतं. साऱ्या गावादेखत, बापाच्या गळ्यावरचा हार स्वतःच्या हाताने उचलून, त्याने पुरावा नोंदवू दिला होता. पुढे खाच निघाल्याचं कळल्यावर दोष यंत्राला दिला. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या अशा. त्या बोंबेमुळेच मूर्तिकार माझ्याकडे आला.

अर्थात हे सगळं त्या क्षणी माझ्या डोक्यात जुळलेलं नव्हतं. स्टेशन डायरीला नोंद घेतली, पंच बोलावले, यंत्र सील केलं. प्रेताची तर केव्हाच राख झाली होती. वैद्यकीय महाविद्यालयातल्या न्यायवैद्यक डॉक्टरांनी त्या आकाराची मोठी चित्रं काढून घेतली आणि खाचेवरून भिंग फिरवलं. मग म्हणाले, "गळफास घेतला तर वण तिरका जातो, कानामागे चढतो. हा आडवा आहे. दुसऱ्याच्या हाताशिवाय असा वण पडत नाही. आणि ही दोरी नाही. खाचेत वेणीसारखी वीण उमटलीय. दोरीची वीण इतकी एकसारखी नसते."

वारलेले म्हातारे त्यांच्या गावातले वजनदार शेतकरी. बागायत जमीन, राजकारणात शब्दाला मान. गावात साध्या वेशात चौकशी केली तर सगळ्यांचं एकच म्हणणं. एक म्हातारा पारावर मला म्हणाला, "हार्टफेल झालं, साहेब. पोरीनंच घालवलं त्याला. लई वर्सांनी तोंड दावलं सांजंला, अन् सकाळी म्हातारं गार." पोराचं मात्र कौतुक. बापाला शेवटची अंघोळसुद्धा त्याने एकट्याने घातली, भावकीतल्या कोणाला हात लावू दिला नाही. केवढी माया!

मुलीने एका बौद्ध मुलाशी लग्न केलं होतं. तेव्हापासून तिला गाव बंद होतं. दोघं बीडला नोकरी करत. बाप गेल्याचं कळल्यावर ती धावत आली, तर तिला वेशीतूनच परत पाठवलेलं. बापाचं तोंडही बघू दिलं नाही.

मी बीडला तिच्या घरी गेलो. मी कोण ते सांगितलं. काही विचारण्याआधीच ती म्हणाली, "मला ठाऊक होतं कोणीतरी येणार. साहेब, मीच मारलं आबांना."

मी पुन्हा हादरलो. सोबतच्या महिला शिपायाने माझ्याकडे पाहिलं. मी तिला सावकाश बोलतं केलं.

आबांनीच तिला फोन करून बोलावलं होतं. ती एकटी गेली. बापलेक एका ताटाला बसले. "मी म्हणलं, आबा, मिशा केवढ्या वाढवल्यात, भातात बुडायल्यात. तर हसले. दाढीबी वाढलेली. लई थकले होते. निघताना म्हणले, उद्या दोघं या. मी वेशीवर उभा राहतो, बघू कोण अडवतंय. यांचं नाव न्हाई काढलं, पण दोघं म्हणले, साहेब." मग म्हणाली, "त्यांच्या जिवाला झेपलं न्हाई. मी गेलेच नसते तर आबा आज असते."

"जेवताना घरात आणखी कोण होतं?"

"आई मागंच वारली. वयनी माहेरी गेलती. दादा होता. जेवला न्हाई तो. भिंतीला टेकून उभा होता."

खाचेबद्दल मी तिला तेव्हा काही सांगितलं नाही. पायऱ्या उतरताना मला स्वतःचाच राग येत होता, कशाचा ते कळत नव्हतं.

मुलाला ठाण्यात बोलावलं. पांढरे कपडे, आवाज शांत, पुढाऱ्यांची ओळख आधी सांगणारा. दिलेला चहा प्याला. सगळ्या प्रश्नांना एकच उत्तर, छातीत कळ आली, आबा गेले. सांजंला कोण आलं होतं म्हटल्यावर म्हणाला, "आमच्या घरात कोणी न्हाई आलं. अन् आलं असंल तर त्याच पापानं गेले." मी चित्र दाखवलं नाही. मुरलेला माणूस पुरावा बघितला की उत्तर तयार करतो. न बघितलेल्या पुराव्याला त्याच्याकडे उत्तर नसतं. डॉक्टरांचं मत आणि बहिणीचा जबाब यावर गुन्हा नोंदवला आणि त्याला अटक केली.

आमच्या माणसांनी एव्हाना त्याचं घर, गोठा, शेतातला आखाडा पालथा घातला होता. वेणीची दोरी, पट्टा, चाबूक, जे सापडेल ते आणून ठेवलं. एकही जुळेना.

आणि मग रोजच्या कामातली एक रोजची गोष्ट झाली. कोठडीत टाकण्याआधी आरोपीची अंगझडती घेतात. मोबाईल, पाकीट, पट्टा, आणि कमरेचा करदोडा. आरोपीने आत स्वतःच्या जिवाचं काही करून घेऊ नये म्हणून तोही काढतात. हवालदाराने सवयीने म्हटलं, "शर्ट वर कर बे, करदोडा सोड." आणि चांदीचा जाड, वेणीसारखा विणलेला करदोडा टेबलावर, माझ्या पुढ्यातल्या चित्राशेजारी ठेवला.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. पण मला तेव्हा म्हण सुचली नाही. मी फक्त बघत राहिलो. चित्रातल्या खाचेत जी वीण होती, तीच चांदीत होती. मान वर केली तर तो माझ्याकडेच बघत होता. त्याचा चेहरा उतरला, आणि कोणी न विचारता तो बोलू लागला.

"वेशीवर उभा राहतो म्हणले, साहेब. साऱ्या गावाम्होरं. त्या दोघांला हार घालून आणतो म्हणले. मी म्हणलो, आबा, गप बसा. माझी पोरगी लग्नाची हाय, कोण सोयरीक करंल? गप बसंनात. हसायले होते. गप करायलो होतो मी. जीव घ्यायचा न्हवता."

"आणि नंतर हा परत कमरेला बांधलास?"

माझाच प्रश्न विचित्र असल्यासारखा तो बघू लागला. "मंग कुटं ठिवू, साहेब? आबांनीच लग्नात घातलेला हाय."

मी उठून बाहेर आलो. इतक्या वर्षांच्या नोकरीत आरोपीसमोरून असा उठून मी कधी गेलो नव्हतो. ठाण्याच्या ओट्यावर उभा राहिलो. रोज सकाळी अंघोळ करताना या माणसाचा हात त्या चांदीला लागत असेल, एवढाच विचार डोक्यात फिरत होता.

पोलिसांसमोरची कबुली कोर्टात चालत नाही. पण प्रयोगशाळेने तशाच यंत्राने करदोड्याचा आकार घेतला, खाचेवर बसवला, आणि तो बसला. बहिणीचा आणि मूर्तिकाराचा जबाब होता. पुढे शिक्षा झाली.

मला सांगायचं आहे ते त्याच्या आधीचं. चेहरा आबांचाच आहे याची ओळख पटवायला मुलीला ठाण्यात बोलावलं. काय झालं होतं, ते तोवर तिला कळलं होतं. ती आली, बसली, रडली नाही. यंत्र प्रयोगशाळेतून आलं होतं. पंचांसमोर सील उघडलं. मूर्तिकाराने चेहरा स्क्रीनवर आणला.

"मान झाका," ती एवढंच म्हणाली.

मूर्तिकाराने लगेच चित्र मोठं केलं, नुसता चेहरा राहील असं. तिने बोटाने तो हळूहळू फिरवला, हा गाल, तो गाल. जे तोंड बघायला आलेल्या तिला वेशीतून परत पाठवलं होतं, ते तोंड ती ठाण्यातल्या लाकडी बाकावर बसून बघत होती. आमच्यापैकी कोणालाच तिच्याकडे बघवत नव्हतं.

"साहेब," ती एकदम म्हणाली, "मिशा कातरल्यात."

मी वाकून पाहिलं. ओठाच्या कडेने मिशा नीट कापलेल्या होत्या. गाल गुळगुळीत होते.

"मी निघाले तवा वाढलेल्या होत्या. दाढीबी. कोणी केली?"

तपासाच्या दृष्टीने त्या प्रश्नाचा काही उपयोग नव्हता. आरोपपत्रात तो कुठेच बसत नव्हता. पण या प्रकरणाने मला जे शिकवलं, ते यंत्रांबद्दल नाहीच. खुनात एक जण मरतो आणि दुसरा कोणीतरी बिनगुन्ह्याचा स्वतःला गुन्हेगार समजत जगत राहतो. आपण खुनी पकडला की फाईल बंद करतो, आणि तो दुसरा तसाच आपल्याच मनाच्या कोठडीत बसलेला असतो. त्याला सोडवणं हेही पोलिसाचं काम आहे, हे मला निवृत्तीच्या तोंडावर कळलं.

मी त्यांच्या गावच्या न्हाव्याला गाठलं. तो म्हणाला, "व्हय साहेब, त्याच सांजंला, पोरगी गेल्यावर, मला घरी बोलावलं. लई खुशीत होते." पुढे त्याने जे सांगितलं ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी बीडला गेलो.

तिने दार उघडलं. मी उभ्यानेच सांगितलं, "ताई, दाढी त्यांनी स्वतः करवून घेतली. न्हाव्याला म्हणाले, नीट कर. उद्या जावई येतोय, माणसात दिसलं पाहिजे."

"जावाई म्हणले?"

"हो. जावई म्हणाले."

ती वळली. आतल्या खोलीत तिचा नवरा होता. उंबऱ्यातूनच तिने त्याला हाक मारली, आणि इतका वेळ धरून ठेवलेलं रडू त्या हाकेत फुटलं.

"अवो, ऐकलं का? आबा तुमाला जावाई म्हणले."